झांजवाल्याची सम

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'पडद्यावरचा रॉयल अल्बर्ट हॉल', आणि त्यात चित्रपट आणि टीव्ही दोन्ही आलं. पण लंडनच्या त्या संगीतसभागृहातला एकच माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात ठाण मांडून बसलाय. त्याच्यापासूनच सुरुवात करते.

हिचकॉकचा 'द मॅन हू न्यू टू मच' इथल्या बहुतेकांनी पाहिलाय, 1956 चा. श्रेयनामावली चालू असते, ऑर्केस्ट्रा वाजत असतो आणि कॅमेरा पुढे पुढे जात मागच्या झांजवाल्यापाशी पोचतो. तो झांजा आपटतो, आणि पडद्यावर मजकूर येतो की झांजांच्या एका टोल्याने एका अमेरिकन कुटुंबाचं आयुष्य हादरून गेलं. म्हणजे पुढे काय होणार ते दिग्दर्शकाने पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकलं. तबल्यावर बसणाऱ्याला यात काही वावगं वाटत नाही. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, येणार हे मैफलीत सगळ्यांना ठाऊकच असतं. ती कशी येते, त्यासाठी तर आपण बसलेलो असतो.

पुढे एका खोलीत मारेकऱ्याला रेकॉर्ड ऐकवतात. सुई नेमक्या जागी ठेवतात, हा बघ, इथे झांजा वाजतील, त्याच क्षणी गोळी झाड, म्हणजे आवाज कुणाला कळणार नाही. मग तोच तुकडा पुन्हा ऐकवतात. तालमीला बसलेल्या प्रत्येकाने हा प्रसंग अनुभवलाय! गुरू तुकडा म्हणतो, शिष्य ऐकतो, गुरू म्हणतो 'परत ऐक'. इथे कुणाच्या तरी खुनासाठी ताल शिकवला जातोय, एवढाच फरक.

आणि मग अल्बर्ट हॉल. जवळजवळ बारा मिनिटं एकही संवाद ऐकू येत नाही. आर्थर बेंजामिनची 'स्टॉर्म क्लाउड्स' नावाची रचना वाजते आहे. ती 1934 साली हिचकॉकने याच नावाचा चित्रपट पहिल्यांदा केला तेव्हा लिहिलेली. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा वाजवतो आहे आणि समोर छडी घेऊन उभे आहेत बर्नार्ड हरमन, या चित्रपटाचे संगीतकार. नवीन रचना करायची मुभा त्यांना होती, पण त्यांनी बेंजामिनचीच ठेवली, वाद्यवृंद तेवढा वाढवला. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. नायिका डोरिस डे दारापाशी उभी राहून रडते आहे, वर बॉक्समध्ये, म्हणजे सज्जातल्या खास कक्षात, पडद्याआड पिस्तूल आहे. नायक जेम्स स्ट्युअर्ट पोलिसांना काकुळतीला येऊन काहीतरी सांगतो आहे, त्याचे ओठ हलताना दिसतात, पण आपल्या कानावर फक्त संगीत. आणि मध्ये मध्ये कॅमेरा परत त्या झांजवाल्याकडे जातो. त्याच्या झांजा अजून तशाच पडलेल्या आहेत. त्याच्यापुढचा कागद दिसतो, ओळीच्या ओळी रिकाम्या, आणि त्यात एकच खूण.

त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघा. बाकीचे शंभर लोक वाजवताहेत आणि हा मोजतो आहे. पुढच्या रांगेत तबला शिकणारी मुलं बसली आहेत, त्यांना विचारते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाची 12 मात्रांची आवर्तनं मनातल्या मनात कुणी मोजली आहेत? (दोन हात वर होतात.) दोनच? बरं, खरं बोललात. वाजवण्यापेक्षा न वाजवता मोजत बसणं कठीण. हिचकॉकने त्या मोजण्याचं नाट्य केलं. त्याचा कॅमेरा सम ओळखतो. आज मला एवढंच सांगायचं आहे, की ज्या कॅमेऱ्याला सम कळते तोच संगीताचं सभागृह दाखवू शकतो. बाकीचे नुसती खुर्च्या-झुंबरं दाखवतात.

1934 च्या आवृत्तीबद्दल एक सांगायचं राहिलं. त्यातला प्रसंगही अल्बर्ट हॉलमध्येच घडतो, पण एवढं सभागृह माणसांनी भरणं परवडणारं नव्हतं. मग काही प्रेक्षक चित्रात रंगवले आणि आरशाच्या युक्तीने खऱ्या नटांशी जुळवले. आणि खलनायकाची टोळी घरी रेडिओसमोर बसून तोच कार्यक्रम ऐकते. हॉलमधली सम दूर कुठल्यातरी घरात, खोक्यातून ऐकायची. आपण टीव्हीवर मैफल बघतो तेव्हा आपणही त्याच जागी असतो. त्यावरून माझी एक गोष्ट आठवते, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे गुरुजी एका मोठ्या गायकांच्या साथीला होते आणि एका वाहिनीने ती मैफल चित्रित केली होती. मी मागे बसले होते, हातोडी आणि पावडरची डबी सांभाळत. द्रुत तीनतालात गवयांनी गुरुजींना जागा दिली. गुरुजींनी एक लांब तिहाई घेतली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं, आणि समेवर असा काही 'धा' पडला की पहिल्या रांगेपासून शेवटच्या खुर्चीपर्यंत एकच 'वाऽ' उठलं. महिन्याभराने कार्यक्रम लागणार म्हणून आम्ही सगळे शिष्य गुरुजींच्या घरी जमलो. वहिनींनी पोहे केले होते, शेजारचेही आले होते. गुरुजी नेहमीच्या लाकडी खुर्चीत, टीव्हीपासून हातभर अंतरावर. तिहाई सुरू झाली. पडद्यावर गुरुजींचे हात दिसत होते. पहिला पल्ला झाला, दुसरा झाला, तिसरा अर्ध्यावर आला, आणि चित्र बदललं. समेवर आम्हाला काय दिसलं, तर पहिल्या रांगेतले एक पाहुणे खिशातून रुमाल काढताहेत. 'धा' ऐकू आला, पण दिसला तो रुमाल.

खोलीत कुणी काही बोललं नाही. माझी नजर गुरुजींच्या हाताकडे गेली. त्यांचा उजवा हात मांडीवर होता आणि ती सम त्यांनी मांडीवर घेतली होती. पडद्यावर हरवलेला तो 'धा' त्या खोलीत तेवढाच दिसला, धोतरावर. ते फक्त म्हणाले, "पोहे गार होताहेत." मला आजही त्या रुमालाचा राग येतो.

मी नंतर चौकशी केली. बाहेर ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे चित्रणाच्या नियंत्रणाच्या गाडीत, चित्र बदलणारा मुलगा हुशार होता, कष्टाळू होता. पण ताल कळणारं माणूस त्याच्या शेजारी कुणी बसवलंच नव्हतं. तुम्ही म्हणाल, आपलं संगीत उत्स्फूर्त, आधी कसं कळणार? हिशोब करा. मिनिटाला 240 मात्रांची लय असेल तर तीनतालाचं 16 मात्रांचं आवर्तन 4 सेकंदांचं होतं. तिहाई सुरू झाली की ती कुठे पडणार हे जाणकाराला ऐकताच कळतं. चार सेकंद म्हणजे 'तबला, तबला' एवढं माइकवर सांगायला भरपूर वेळ! आपल्याकडे यंत्रं आली, चांगले कॅमेरे आले, तो एक माणूस मात्र आला नाही.

(संयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं. तिकडे बघते आणि भरभर सांगते, कारण मूळ विषय आता कुठे येतोय.)

तर टीव्हीवरचा अल्बर्ट हॉल. इमारत 1871 सालची, लंबवर्तुळाकार, पाच हजारांवर माणसं बसतात. घुमटामुळे तिथे आवाज फिरून परत यायचा. इंग्रज संगीतकाराला आपली रचना दोनदा ऐकायला मिळेल अशी ही एकच जागा, असं लोक गमतीने म्हणायचे. 1969 साली छताला फायबरग्लासच्या बशा टांगल्या, तेव्हा तो प्रतिध्वनी आटोक्यात आला. टीव्हीवर कॅमेरा वर गेला की त्या तरंगत्या बशा दिसतात, मुलांना उडत्या तबकड्या वाटतात. प्रॉम्स हा संगीतमहोत्सव मुळात 1895 मध्ये क्वीन्स हॉलमध्ये सुरू झाला. महायुद्धात, 1941 साली, तो हॉल बॉम्बने गेला आणि प्रॉम्स इथे आले. बीबीसी त्यांची शेवटची रात्र 1947 पासून टीव्हीवर दाखवते आहे. झेंडे, टोप्या, फुगे, सगळा गोंधळ. पण त्या गोंधळातही एक बघा, ओबोची, म्हणजे सनईसारख्या त्या वाद्याची, ओळ सुरू व्हायच्या आधी चित्र ओबोवाल्यावर आलेलं असतं. तो श्वास घेताना दिसतो. कारण नियंत्रणकक्षात स्वरलिपी उघडी ठेवून मोजणारं माणूस असतं, कुठल्या कॅमेऱ्याने कधी कुणावर जायचं ते लिपीवर आधीच लिहिलेलं असतं. हिचकॉकच्या बॉक्समध्ये मारेकऱ्याशेजारची बाई स्वरलिपीवर नजर ठेवून असते ना, तेच काम, सत्कारणी लावलेलं.

कोळसाखाणीच्या बँडवरचा 'ब्रास्ड ऑफ', 1996 चा. त्यातही शेवट अल्बर्ट हॉलमध्ये होतो, पण आतलं चित्रण बर्मिंगहॅमच्या टाउन हॉलमध्ये झालं. मला यात फसवणूक वाटत नाही. तिथे कॅमेरा वाजवणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर टिकून राहतो, आणि तेच महत्त्वाचं.

आणि आपल्या लतादीदी, मार्च 1974. दिलीपकुमारांनी ओळख करून दिली आणि दीदी गायल्या. त्याच्या रेकॉर्ड निघाल्या आणि त्या आमच्या घरात वाजून वाजून घासल्या गेल्या. त्या ऐकताना हॉल दिसत नाही, पण मुखडा ओळखू येताच टाळ्यांची जी लाट उठते ना, त्यावरून ती पाच हजार माणसं किती लांबवर पसरली आहेत ते मला डोळे मिटून कळायचं. ते ऐकताना माझी आई हातातलं काम खाली ठेवायची.

वेळ संपली. दिवे घालवा, तो बारा मिनिटांचा तुकडा लावूया. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, झांजवाला खुर्चीवरून उठला की हातावर मोजायला लागा.