शेरडांच्या बाजूचा देवदूत

इटलीतल्या राव्हेन्ना शहरात सान्त अपोलिनारे नुओवो नावाचं चर्च आहे. आत शिरलं की मान वर करावी लागते, कारण सहाव्या शतकातली ती छोटी मोझेक चित्रं पार छताजवळ आहेत. त्यातल्या एका चित्रात जांभळ्या वस्त्रातला येशू मधोमध बसलाय. त्याच्या उजव्या हाताला मेंढरं, तिथला देवदूत लाल. डाव्या हाताला शेरडं, तिथला देवदूत निळा. पंख तसेच, डोक्यामागचं तेजोवलयही तसंच. ना शिंगं, ना शेपूट.

हा निळा देवदूत म्हणजे ख्रिस्ती कलेतलं सैतानाचं सर्वांत जुनं चित्र असावं, असं काही अभ्यासक मानतात. काहींना ते पटत नाही. पण हे दृश्य बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातलं आहे, आणि तिथं येशू डावीकडच्यांना, म्हणजे दोषी ठरलेल्यांना, सांगतो, सैतान व त्याचे दूत यांच्यासाठी सिद्ध केलेल्या अग्नीत जा. त्याचे दूत! आता हे कुठून आले?

गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक असते. लुसिफर नावाचा देखणा देवदूत, त्याला चढलेला गर्व, बंड आणि पतन. बायबलमध्ये ती शोधायला बसलं, तर सलग अशी कुठंच मिळत नाही. मिळतात ते तुकडे. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकात मीखाएल हा देवदूत अजगराशी, म्हणजे सैतानाशी, लढतो. त्या अजगराच्या शेपटीनं आकाशातले एक तृतीयांश तारे खाली ओढलेले असतात. लूकच्या शुभवर्तमानात येशूचं एकच वाक्य, सैतान विजेसारखा आकाशातून पडताना मी पाहिला. ईयोबाच्या पुस्तकात मात्र सैतान देवाच्या दरबारात राजरोस हजर होतो. सैतान या हिब्रू शब्दाचा अर्थच मुळी विरोधक, आरोप करणारा.

आणि लुसिफर? बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात बाबेलच्या राजाला टोमणा मारलाय : अरे पहाटेच्या ताऱ्या, आकाशातून कसा रे पडलास! सूर्य वर आला की शुक्राची चांदणी दिसेनाशी होते, तशी या राजाची गत. जेरोमनं बायबल लॅटिनमध्ये आणताना त्या ताऱ्यासाठी नेहमीचा शब्द वापरला, लुसिफर, म्हणजे प्रकाश आणणारा. त्याच्याही आधी, तिसऱ्या शतकात, ओरिजेन या ख्रिस्ती पंडितानं हा पडलेला तारा म्हणजे सैतान असा अर्थ लावला होता. दोन्ही गोष्टी जुळल्या आणि ताऱ्याचं नाव सैतानाला चिकटलं. चौथ्या शतकात सार्डिनियामध्ये चक्क लुसिफर नावाचे बिशप होते. तेव्हा त्या नावाला अजून डाग लागला नसावा.

हनोखाचं पुस्तक या प्राचीन यहुदी ग्रंथातली देवदूतांच्या पतनाची कथा निराळीच. तिथं गर्वाचा मुद्दाच नाही. 200 देवदूत माणसांच्या मुलींवर भाळतात, हर्मोन पर्वतावर उतरतात, आणि मागं फिरायचं नाही म्हणून एकमेकांना शपथेत बांधून घेतात. अजाजेल माणसांना तलवारी आणि ढाली घडवायला शिकवतो, आणि डोळ्यांत सुरमा घालायलाही! शस्त्रं आणि शृंगार एकाच पाठात. बहुतेक चर्चनी हे पुस्तक बायबलबाहेर ठेवलं, इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चनं ते आत घेतलं. गंमत म्हणजे नव्या करारातलं यहूदाचं पत्र त्यातलाच उतारा देतं.

ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताला ही कथा मान्य नव्हती. त्याच्या मते पतनाचं मूळ गर्वातच होतं, आणि पश्चिमेत तेच रुजलं. पण एक प्रश्न उरत होता : सैतान मुळातच वाईट असेल, तर त्याला घडवलं कुणी? 1215 साली चौथ्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या धर्मसभेनं, उत्तर नोंदवलं. देवानं सैतान आणि दुरात्मे स्वभावतः चांगलेच निर्माण केले. ते वाईट झाले ते आपल्या आपण. हे वाचून राव्हेन्नाचं चित्र पुन्हा पाहिलं, की निळ्या देवदूताचं ते तेजोवलय खटकत नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्री लॅटिन उपासनेत सुरुवातीला दिवे मालवलेले असतात. मग एक मोठी मेणबत्ती पेटवली जाते. तिच्याशेजारी उभा राहून डीकन, म्हणजे धर्मगुरूचा दीक्षित सहायक, एक प्राचीन स्तोत्र गातो : ही ज्योत पहाटेच्या ताऱ्याला तेवतीच दिसो, कधीही न मावळणाऱ्या त्या ताऱ्याला. तो तारा म्हणजे ख्रिस्त. आणि डीकनच्या तोंडी त्यासाठी असलेला लॅटिन शब्द आहे, लुसिफर.