गंज जाऊ दे, लोखंड राहू दे

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळा सरत आला, खंडेनवमी जवळ आली की माळ्यावरचं आणि जिन्याखालचं लोखंड बाहेर निघतं. शेतकऱ्याचा विळा-कोयता, सुताराचा रंधा, गवंड्याची थापी, शिंप्याची कात्री. ज्यांच्या घरी यातला कुठलाच धंदा नाही त्यांच्याकडेही एखादी पक्कड, दोन-चार पाने आणि आजीचा अडकित्ता असतोच. पाटावर मांडून हळदकुंकू वाहण्याआधी हे सगळं घासायला काढलं जातं. आणि चार महिन्यांच्या पावसाला जे जमलं नाही, ते नुकसान त्या एका दुपारी होतं. आज बोलायचंय ते या दुपारबद्दल.

सगळ्यात जास्त नासधूस करतो तो ग्राइंडर. हल्ली तो स्वस्त झालाय, पुष्कळ घरांत असतो. गंजलेलं पातं दिसलं की चाक लावायचं, ठिणग्या उडवायच्या, दोन मिनिटांत चकचकीत! पण रंध्याचं पातं, पटाशी, कोयता यांना पाणी पाजलेलं असतं. म्हणजे लालभडक तापवून एकदम थंड केलेलं आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेतानं गरम केलेलं. चाकाखाली पात्याची कड तापायला लागली की आधी गवती पिवळी दिसते, मग तपकिरी, मग जांभळी. निळी झाली की समजायचं, तापमान ३०० अंशांच्या आसपास गेलं. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. निळा रंग घासून जातो, गेलेला कडकपणा घासून येत नाही. मग धार लावत बसा, लाकडातली पहिली गाठ लागली की ती मुडपणार. पहारीला, घणाला चाक खुशाल लावा. धारेच्या हत्याराला नको.

आता गंज. तो ओळखायला नख पुरतं. खरवडल्यावर लालसर भुगा निघाला तर तो काढायचा. तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात राहतो. काळपट, गुळगुळीत, नखाला न सुटणारी झाक असेल तर तिला हात लावू नका. तोही लोखंडाचा ऑक्साइडच, पण घट्ट बसलेला. तेल चांगलं धरतो आणि खालच्या धातूला थोडा आडोसा देतो. जुन्या हत्याराची ही काळी झाक खरडून त्याला पांढरंफटक करण्यात लोकांना काय आनंद मिळतो, देव जाणे. तेल न लावता ठेवलेलं असं पांढरं लोखंड कोकणात बघता बघता परत लाल होतं. समुद्राकाठच्या हवेतलं मीठ त्याला फुरसत देत नाही.

सुरुवात नेहमी सौम्य उपायानं करायची. थोडं रॉकेल किंवा डिझेल, जुना टूथब्रश, पितळी तारेचा ब्रश आणि तांब्याचं नाणं. नाणं लोखंडापेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंजाचे पोपडे उडतात आणि ओरखडा उठत नाही. निम्म्याहून जास्त हत्यारं एवढ्यावरच निभावतात. जाम झालेला नट असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी तो सोडवण्याआधी किंचित आवळून बघा. गंजाची पकड बहुतेकदा त्या उलट्या झटक्यानं सुटते.

त्यानं भागलं नाही तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड. किराणा दुकानात मिळतं. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम पुरे. प्लॅस्टिकच्या टबात घ्यायचं, लाकडी मूठ आधी काढायची, तेलकटपणा साबणानं धुवायचा आणि हत्यार पूर्ण बुडवायचं. अर्धवट बुडालं तर पाण्याच्या पातळीवर धातूला कायमची रेघ पडते. मग विसरून जायचं नाही. तासा-दोन तासांनी बाहेर काढून घासून बघायचं. पातळ गंज चार-पाच तासांत सुटतो, जाड असेल तर एक रात्र. त्याहून जास्त ठेवलं की आम्ल लोखंडालाच लागतं आणि पृष्ठभाग करडा, खरखरीत होतो. बाहेर काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढा, मग कढत पाणी ओता. धातू तापला की आपोआप झटकन कोरडा होतो. आणि कोमट असतानाच तेल. चहा पिऊन आल्यावर लावू म्हणाल तर तेवढ्यात पिवळी झाक धरलेली असेल.

ही अंघोळ सगळ्यांना मानवत नाही. स्प्रिंगा आणि फार कडक पोलादाचे भाग आम्लात ठेवले तर हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतात. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचा किंवा बोल्टचा मुलामाच विरघळतो. अ‍ॅल्युमिनियमही खराब होतं. आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड कोणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी वापरू नका. ते हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. गंज चुटकीसरशी काढतं, पण त्यातलं क्लोराइड धातूच्या बारीक भेगांत राहतं आणि पुढच्या पावसात दुप्पट गंज आणतं. त्याची वाफ तर त्याच खोलीतल्या खुंटीवर टांगलेल्या चांगल्या करवतीलाही गंजवते.

हौशी मंडळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून विजेनं गंज काढतात. पद्धत उत्तम आहे. हत्यार ऋण टोकाला, धन टोकाला भंगारातली साधी लोखंडी पट्टी. तिथं स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर करायचं आणि जवळ विडी-काडी नको. विजेची जाण नसेल त्यांनी या वाटेला न गेलेलं बरं.

आता तो आजीचा अडकित्ता घेऊ. यात सगळ्या अडचणी एकाच वस्तूत भेटतात. मुठी पितळी, बहुधा मोराच्या नाहीतर घोड्याच्या आकाराच्या, पातं पोलादाचं, मध्ये खीळ. खिळीपाशी सुपारीचा भुगा बसून दगडासारखा झालेला, त्यावर पितळेचा हिरवा कळंक. असा अडकित्ता लिंबूसत्त्वात टाकला तर आम्ल खिळीच्या सांध्यात जाऊन बसतं, तिथून ते धुऊन निघत नाही. शिवाय पितळेतलं थोडं तांबं पाण्यात उतरून पात्यावर गुलाबी लेप धरतं. म्हणून तो बुडवायचाच नाही. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि रात्रभर उभा ठेवायचा. सकाळी सावकाश उघडमीट करा. सांध्यातून काळी लुगदी बाहेर येते. ती पुसा, पुन्हा थेंब सोडा, पुन्हा उघडमीट, तेल स्वच्छ येईपर्यंत. खीळ ठोकून काढण्याचा मोह टाळा, ती पुन्हा तशी बसत नाही.

मग पातं. ४०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून एकाच दिशेनं चालवा. धार फक्त उताराच्या बाजूनं, निसण्यावर म्हणजे धार लावायच्या दगडावर, तीही हातानं. पितळेला चिंच आणि चिमूटभर मीठ, फडक्यावर घेऊन. मिनिटभर चोळा आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसा. चिंच लावून गप्पा मारत बसलात तर आम्ल पितळेतलं जस्त ओढून घेतं आणि वर तांबूस डाग उरतात. कोरीव रेघांमधला काळेपणा मात्र सोडून द्या. मोराचा डोळा, पिसांच्या रेघा दिसतात त्या काळेपणामुळेच. तोही घासून काढलात तर मोर आंधळा! शेवटी सगळीकडे खोबरेल तेलाचा हात. मशीनचं तेल सांध्याला चाललं, पण सुपारी तोंडात जाते, तेव्हा तो सांधा नीट पुसून घ्या आणि पात्याला खोबरेलच लावा.

पितळेचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. पातेल्याच्या आतला पांढुरका थर काढून पितळ लखलखीत केल्याचं कौतुकानं दाखवणारे लोक असतात. बाबांनो, ती कल्हई होती! आंबट पदार्थात तांबं उतरू नये म्हणून दिलेला कथलाचा थर तो. आता कल्हईवाला शोधा, त्याशिवाय त्या पातेल्यात आमटी नको. तसंच मठारकामाचं. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या हंड्या-बंबांवर हातोडीच्या ठोक्यांनी जे बारीक खळगे उठवतात ते नुसते शोभेचे नसतात, त्या ठोक्यांनी पत्रा कडक होतो. बफिंगच्या चाकावर धरलेला असा बंब सपाट, बुळबुळीत होऊन परत येतो आणि वर मजुरीही द्यावी लागते.

शिलाई मशीनचंही असंच. जुन्या काळ्या सिंगरवर किंवा उषावर सोनेरी वेलबुट्टी असते. ती वार्निशच्या पातळ थराखाली जपलेली असते. थिनर किंवा स्पिरिटचं फडकं फिरवलंत की ती फडक्याबरोबर येते. तिथं फक्त मशीनचं तेल आणि कापूस, तोही हलक्या हातानं. चाकाच्या कडेला निकेलचा किंवा क्रोमचा मुलामा असेल तर पॉलिश पेपर अजिबात नको. आणि जुन्या शिकंज्यावरचा (वस्तू घट्ट पकडायच्या व्हाइसवरचा), मशीनच्या पायावरचा रंग कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. पाणी मारत घासा, नाका-तोंडावर चांगला मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा.

पहार, नांगराचा फाळ, फाटकाची कडी अशा मोठ्या वस्तूंच्या खड्ड्यांतला गंज कितीही केलं तरी पूर्ण निघत नाही. तिथं हिरडा कामाला येतो. हिरड्याची साल कुटून, दाट काढा करून ब्रशनं लावायचा. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी संयोग पावून निळसर काळं होतं, घट्ट बसतं. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी काळी पडते ती याच कारणानं. वाळलं की तेल.

आणि चकाकी? ती जिथं कामाची असते तिथं हवीच. रंध्याच्या पात्याची पाठ धारेजवळ बोटभर आरशासारखी असली पाहिजे, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेघ, आणि त्यातला एक खडबडीत असेल तर रेघही खडबडीत. तिथं २२०, ४००, ८०० असे पेपर काचेवर चिकटवून क्रमानं घासा. प्रत्येक नंबरला दिशा आडवी बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. बाकीचं पातं काळं राहिलं तरी लाकडाला काही फरक पडत नाही. बफिंगचं चाक वापरणारच असाल तर डोळ्यांना गॉगल लावा. हातात सुती मोजे, अंगावर ओढणी किंवा मोकळा पदर नको, चाक ते ओढून घेतं.

लाकडी मुठीला जवसाचं तेल फार छान. वार्निश करू नका, त्यानं हाताला फोड येतात. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं आणि होताना उष्णता सोडतं. तेच तेल लागलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. तेव्हा काम झाल्यावर ते फडकं कपड्यांसारखं पसरून बाहेर दोरीवर वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून मग टाका.

नमस्कार.