घरात शिरलेला माणूस आणि परवान्याचे रिव्हॉल्व्हर

रात्रीचे तीन वाजले आहेत असे समजू या. परळमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सांडपाण्याच्या पाइपवरून चढून आलेला एक माणूस स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत उतरतो. पलीकडच्या खोलीत मुले झोपली आहेत आणि घरमालकाच्या कपाटात परवान्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर आहे. त्याने ते चालवावे का?

कायद्याने त्याचे हात बांधले आहेत, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क सांगितला आहे आणि त्यातले ४१ वे कलम असे म्हणते की, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी घरफोडी करणाऱ्याचा प्रतिकार करताना गरज पडल्यास त्याचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो. १८६० च्या दंड संहितेतही कलम १०३ मध्ये जवळपास हीच तरतूद होती.

मात्र घरफोडी या शब्दाला कायद्यात नेमका अर्थ आहे. कुलूप तोडून, भिंतीवर चढून किंवा माणसाच्या येण्याजाण्यासाठी नसलेल्या वाटेने केलेला प्रवेश त्यात मोडतो. उघड्या दारातून गुपचूप आत आलेला चोर सहसा त्यात मोडत नाही, आणि त्याच्या बाबतीत जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती होती, हे दाखवावे लागते. झोपायची वेळ होईपर्यंत दारे उघडी ठेवण्याची ज्या चाळींची रीत आहे, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

कलम ३७ आणखी दोन मर्यादा घालते: पोलिसांचे संरक्षण मागण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. चोर खिडकीतून बाहेर पडून गल्लीत पळू लागला की त्याच्या पाठीत गोळी घालण्याचे समर्थन या कलमांत सापडत नाही. न्यायालये घाबरलेल्या माणसाकडून तराजूतले मोजमाप मागत नाहीत, ही गोष्टही तितक्याच ठामपणे सांगितली पाहिजे. २०१० मध्ये पंजाबातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, हल्ल्याची रास्त भीती पुरेशी असते आणि कायदा नागरिकाकडून भ्याडपणाची अपेक्षा करत नाही, असे स्पष्ट केले.

आम्हाला सर्वांत अधिक काळजी वाटते ती मात्र भिंतींची. बीडीडी चाळीतली जुनी खोली १६० चौरस फुटांची आहे. इतक्या जागेत नेम चुकला तर गोळीपुढे दार, खिडकी किंवा प्लायवूडचे पार्टिशन येते आणि त्यापलीकडे शेजारच्या कुटुंबाचे अंथरूण असते. निरपराध व्यक्तीला इजा होण्याचा धोका पत्करण्याची मुभा कलम ४४ देते, पण ती फक्त जिवावर बेतलेल्या हल्ल्यापुरती आणि तो धोका टाळून बचाव करणे शक्य नसेल तेव्हाच. दागिने वाचवण्यासाठी ही मुभा लागू होत नाही. अंधारात, झोपेतून दचकून उठलेल्या माणसाला समोर चोर आहे की पाण्यासाठी उठलेला आपलाच मुलगा, हे तरी ओळखता येते का? म्हणून आधी दिवा लावणे, मोठ्याने ओरडणे, ११२ वर फोन करणे आणि मुलांच्या खोलीच्या दारात उभे राहणे, हा क्रम आम्हाला योग्य वाटतो.

शस्त्र परवाना मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांचा झाला आहे. गोळी सुटली की पोलीस येतात, पंचनामा होतो, रिव्हॉल्व्हर जप्त होऊन कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी जाऊ शकते, आणि ती गोळी कोणत्या भिंतीत, कोणत्या दारात थांबली, हेही पंचांसमोर नोंदवले जाते.