असाध्य कोणी ठरवायचे?

श्रोतेहो, मनोविकाराने त्रस्त असलेल्या माणसाला डॉक्टरांच्या मदतीने मरण मागता यावे का, या प्रश्नाकडे मी एका खटल्याच्या वाटेने जाणार आहे. 1991 साली नेदरलँड्समध्ये पन्नाशीची एक स्त्री शाबोट नावाच्या मनोविकारतज्ज्ञांकडे आली. तिचे दोन्ही मुलगे विसाव्या वर्षी गेले होते. एकाने आत्महत्या केली, दुसरा कर्करोगाने गेला. शरीराने ती धडधाकट होती. उपचार तिला नको होते, आणि बऱ्याच भेटींनंतर शाबोट यांनी तिला मरणासाठी औषध दिले.

1994 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, यातनेचे मूळ शरीरात नाही एवढ्यावरून ती हलकी ठरत नाही. तरीही शाबोट दोषी ठरले, कारण त्यांनी ज्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला त्यांपैकी एकानेही त्या स्त्रीला स्वतः तपासले नव्हते. शिक्षा मात्र झाली नाही.

मला हा निकाल पटतो. मनोरुग्णाला निर्णयक्षमता नसतेच, असे सरसकट म्हणणे चूक आहे. त्याची शस्त्रक्रियेला दिलेली संमती आपण ग्राह्य धरतोच. खरी अडचण ‘असाध्य’ या शब्दाची आहे. पसरलेला कर्करोग तपासणीत दिसतो, पण नैराश्य दहा वर्षांनी कुठे असेल हे सांगणारी कोणतीही तपासणी नाही. शिवाय ‘यातून सुटका नाही’ ही खात्री नैराश्याचे लक्षणही असू शकते. म्हणजे आजारच साक्षीदार म्हणून उभा राहतो. म्हणून भविष्याच्या अंदाजावर नव्हे, तर खरोखर होऊन गेलेल्या, दीर्घ उपचारांच्या इतिहासावरच हा शब्द वापरावा, असे माझे मत आहे. ज्याला चांगले उपचार कधी मिळालेच नाहीत, त्याच्या आजाराला असाध्य म्हणणे ही आपली लबाडी होईल. (कॅनडाने केवळ मनोविकारासाठी असे मरण मागण्याची मुभा आधी एक वर्ष आणि मग थेट मार्च 2027 पर्यंत पुढे ढकलली, ती आरोग्ययंत्रणा तयार नाही म्हणून.)

बेल्जियममधला, 2015 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार विचारात पाडतो. इच्छामरण मागणाऱ्या 100 मनोरुग्णांपैकी 48 जणांची विनंती मान्य झाली आणि 35 जणांनी तसे मरण पत्करले. परंतु 8 जणांनी, मान्यता हातात असूनही, ते पुढे ढकलले किंवा रद्द केले, कारण त्यांना दार उघडे आहे एवढ्यानेच जगण्यापुरता धीर आला होता. परवानगीच्या बाजूचे लोक हा आकडा आपल्या पुराव्यात धरतात. मला मात्र त्यात विरोधकांचाही मुद्दा दिसतो, कारण हे लोक पुन्हा जगायला तयार होतील हे मान्यता देताना कोणत्याही डॉक्टरला ओळखता आले नव्हते.