नखं असलेला घोड्याचा भाऊबंद

श्रोतेहो, नमस्कार. पाला खाणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या पायांना खूर असतात, असं आपण घोडा, हरीण, गेंडा पाहून गृहीत धरतो. पण घोडा आणि गेंडा ज्या विषमखुरी गणातले, त्याच गणातल्या एका नामशेष कुळाला चक्क लांब, वाकडी नखं होती. ते कुळ म्हणजे कॅलिकोथेरिडी.

जर्मनीत एपेल्सहाइमला नखाचं एक हाड मिळालं. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्यूव्हिए यांनी ते महाकाय खवल्या मांजराचं ठरवलं. तिथल्याच दाढांवरून योहान याकोब काउप यांनी १८३३ मध्ये कॅलिकोथेरियम हे नाव दिलं. दाढा एकाच्या, नखं दुसऱ्याच्या, असा हिशेब पुढे पन्नासेक वर्षं चालला! क्यूव्हिए यांना दोष देणं मला पटत नाही. एका अवयवावरून बाकीचं शरीर ताडता येतं, ही त्यांची शिकवण एरवी फार उपयोगी पडते. निसर्गाने इथे अपवाद केला, एवढंच. अखेर १८८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्समधल्या सांसाँच्या जीवाश्मांवरून आंरी फिलोल यांनी दाढा आणि नखं एकाच प्राण्याची असल्याचं दाखवलं.

आणि प्राणी तरी कसा! कॅलिकोथेरियमचे पुढचे पाय लांब, मागचे आखूड, त्यामुळे पाठ उतरती. चालताना तो पुढच्या पायांची नखं आत दुमडून गोरिलासारखा बोटांच्या पेरांवर भार टाकी. बैठकीच्या हाडांची ठेवण सांगते, की तो बराच वेळ ढुंगणावर बसून चरत असावा. उंचावरची फांदी नखांच्या आकडीने ओढायची आणि कोवळा पाला ओरपायचा. शिकारीशी या नखांचा काही संबंध नव्हता.

याच कुळाची दुसरी शाखा अमेरिकेपर्यंत पोचली. नेब्रास्कातल्या ॲगेट इथे मोरोपसची पुष्कळ हाडं मिळाली आहेत. त्याची ठेवण घोड्याच्या जवळची होती. तो पेरांवर चालत नसे, नखं वर उचलून चाले.

आशियात, आपल्या शिवालिक टेकड्यांतही, या कुळाचे अवशेष आहेत. त्यांच्या दाढा बुटक्या, पाल्यासाठी घडलेल्या. राठ गवत सतत चघळलं तर त्या लवकर झिजल्या असत्या. जंगलं विरळ होऊन गवताळ मैदानं पसरली, तशी या कुळाची जागा आक्रसत गेली असावी. तरीही आफ्रिकेतला ॲन्सिलोथेरियम मानवाच्या आदिपूर्वजांच्या काळापर्यंत टिकून होता. त्यांनी हा नखांचा शाकाहारी जिवंत पाहिला असणं अगदी शक्य आहे.