मुलगी कुठं गेली, हे ग्रामसभेत विचारा

(दृश्य: गावाची वेस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्या, भांडी, चुलीची लाकडं.)

दसरा झाला की बीड, परभणी, जालन्यातल्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागं मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. ती उचल बऱ्याचदा आधीच संपलेली असते. दवाखान्यात, नाही तर थोरलीच्या लग्नात. आता पाच-सहा महिने फडात राबून ती फेडायची.

मागं राहते आजी, आणि तेरा-चौदा वर्षांची नात. पोरीला फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत न्यायचं म्हटलं तरी भीती, मागं ठेवायचं म्हटलं तरी भीती. मग लग्न उरकतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वीस ते चोवीस वयाच्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालं, त्यांचं प्रमाण राज्यात 22 टक्के निघालं. परभणी जिल्ह्यात ते 48 टक्के होतं.

मुलींची तस्करी करणाऱ्या दलालाला हे घर बरोबर सापडतं. तो दलाल म्हणून येत नाही, ओळखीचा होऊन येतो. हुंडा नको, खर्च मुलाकडचे करतील, मुलगा परराज्यातला आहे पण खाऊन-पिऊन सुखी आहे. किंवा शहरात बंगल्यावर काम आहे, राहायची सोय आहे. हे ऐकून हरखलेल्या आजीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं कार्यालय. रिकाम्या खुर्च्या.)

या फिल्ममध्ये एकाही मुलीचा चेहरा दिसणार नाही. कॅमेरा आम्ही खुर्च्यांकडं वळवलाय, कारण उत्तर तिथून यायला हवं.

कायदे आहेत. संविधानाच्या कलम 23 नं माणसांच्या अपव्यापाराला, म्हणजे तस्करीला बंदी घातली. देहविक्रीच्या धंद्यातल्या दलालांवर आणि कुंटणखाना चालवणाऱ्यांवर कारवाई करणारा कायदा 1956 पासून आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली अल्पवयीन मुलाची किंवा मुलीची तस्करी केली तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, जास्तीत जास्त जन्मठेप. आणि याच कलमात एक वाक्य आहे, ते गावोगावी मोठ्यानं वाचून दाखवलं पाहिजे: पीडितेची संमती होती की नव्हती, याला महत्त्व नाही. म्हणजे ‘पोरगी राजीखुशीनं गेली’ असं म्हणून दलालाला सुटता येत नाही.

तरी आईबाप ठाण्यात गेले की ‘पळून गेली असेल, येईल’ हे ऐकावं लागतं. हरवलेल्या प्रत्येक बालकाचा गुन्हा नोंदवायचा, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश मे 2013 चा आहे. तो ठाण्यातल्या टेबलावर ठेवायला गरिबाच्या मागं कुणीतरी उभं लागतं. हे उभं राहणं म्हणजेच राजकारण, असं आम्ही मानतो.

मराठवाड्यातून आठ खासदार आणि 46 आमदार निवडून जातात. मानवी तस्करीविरोधातलं सर्वंकष विधेयक जुलै 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत आलंच नाही, आणि 2019 मध्ये बारगळलं. मत मागायला दारात आलेल्या माणसाला आपल्यापैकी किती जणांनी त्याबद्दल विचारलं?

गावाचा ठराव वरपर्यंत पोचतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं तो कित्ता सगळ्या गावांपुढं ठेवला.

(दृश्य: अंगणवाडीच्या ओट्यावर महिला सभा.)

ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. ग्रामसभेआधी महिला सभा घेणं बंधनकारक आहे. गावात ग्राम बाल संरक्षण समिती असते, निदान कागदावर तरी. पण तारखेची एक मेख आहे. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ऊसतोड कामगार गावात नसतात. ज्यांच्या लेकी मागं आहेत, नेमके तेच गैरहजर! म्हणून हा विषय 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या तोंडावर घ्यावा लागेल. मागं राहणाऱ्या प्रत्येक मुलीचं नाव, ती कुणाजवळ राहणार, शाळा कोणती, वसतिगृहात जागा मिळते का, सगळं लिहायचं. ती यादी चव्हाट्यावर लावायची नाही. समितीकडं, अंगणवाडीताईंकडं जपून ठेवायची.

आणि टोळ्या परतल्यावर, 1 मेच्या ग्रामसभेआधी समितीनं त्या यादीतलं एकेक नाव घेऊन घरी जायचं. एखादी मुलगी सापडली नाही, तर त्याच दिवशी 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन लावायचा, आणि सरपंचांनी आईबापांसोबत ठाण्यात जायचं.