दुसरी बाजू

(पडद्यावर : मेंदूचा एमआरआय, समोरून घेतलेला छेद)

दोन्ही कानांच्या पातळीवर, पण बरंच आत, वळी पडल्यासारखा हा करडा भाग दिसतोय ना, तो हिप्पोकॅम्पस. डावीकडे एक, उजवीकडे एक. काल काय झालं, सकाळी कोण भेटलं, हे मनात रुजतं ते याच्या जोरावर. या चित्रात एका बाजूचा हिप्पोकॅम्पस आक्रसलाय आणि नको तितका पांढरा दिसतोय. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, म्हणजे आपण ज्याला फिट किंवा आकडी म्हणतो त्यात, हा दोष डॉक्टरांना वारंवार भेटतो.

1953 साली असं चित्र काढायची सोय नव्हती. त्या वर्षी अमेरिकेत, हार्टफर्डमध्ये, 27 वर्षांच्या हेन्री मोलेसनवर शस्त्रक्रिया झाली. फिट्सनी त्याला काम करणं अशक्य केलं होतं. सर्जन विल्यम स्कोव्हिल यांनी दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस बऱ्याच अंशी काढले. फिट्स खूप कमी झाल्या, बुद्धीही शाबूत राहिली. एप्रिल 1955 मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला आल्या. आजची तारीख विचारली, तर तो म्हणाला मार्च 1953. वय विचारलं, तर 27. त्यानंतर 2008 पर्यंत तो जगला, आणि रोज भेटणारी माणसंही त्याला नव्यानेच भेटत राहिली.

मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. रोज हात अधिक सफाईने चालायचा, पण आपण हे आधी केलंय, हे मात्र त्याला आठवत नसे. हाताची सवय आणि प्रसंगांची आठवण मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी सांभाळल्या जातात, हे जगाला त्याच्यामुळे कळलं. केवढी किंमत मोजून, हे विसरता येत नाही.

(पडद्यावर : हेन्रीच्या मेंदूची आकृती)

1990 च्या दशकात हेन्रीचा एमआरआय झाला. साधारण 8 सेंटीमीटर भाग काढला, असा स्कोव्हिल यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात निघाला सुमारे 5. लहान मेंदूही झिजलेला दिसला. त्यामागे वर्षानुवर्षं घेतलेलं फिट्सवरचं औषध, फेनिटॉइन, असावं, असं संशोधकांनी मानलं. ते औषध आपल्याकडच्या कितीतरी घरांत आजही रोज घेतलं जातं, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो.

पण आजच्या तपासण्यांचं मर्म हेन्रीपेक्षाही दुसऱ्या एका रुग्णाने शिकवलं. कॅनडात, माँट्रियलमध्ये, मेंदूचे सर्जन डॉ. पेनफिल्ड यांनी एका सिव्हिल इंजिनिअरचा फक्त डाव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासचा भाग काढला होता. उजवी तशीच होती. तरीही त्याची नवी आठवण संपली. असं कसं झालं? मिल्नर आणि पेनफिल्ड यांनी तर्क केला की उजवी बाजू आधीपासूनच निकामी असणार. त्याच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा उजवा हिप्पोकॅम्पस खरोखरच आक्रसलेला सापडला. माणूस जिवंत असताना ते बघायला तेव्हा एमआरआय नव्हता.

म्हणून आता शस्त्रक्रियेआधी दोन प्रश्न विचारतात. जे काढायचं ते किती आजारी आहे? आणि जे उरणार ते किती धड आहे? नातेवाइकांना एक गोष्ट उलटी वाटते : फोटोत हिप्पोकॅम्पस चांगला दिसला, की ते सुटकेचा श्वास टाकतात. पण फिट्स तिथूनच येत असतील, तर तो काढल्यावर आठवणीचं नुकसान जास्त होण्याची भीती असते, कारण तो अजून काम करत असतो. आक्रसलेला भाग काढताना गमावण्यासारखं त्या मानाने कमी उरलेलं असतं. डावी बाजू असेल तर काळजी आणखी वाढते. बहुतेकांची शब्दांची आठवण तिथे असते.

फोटो एकटा पुरत नाही. पेट स्कॅनमध्ये दोन फिट्सच्या मधल्या काळात मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय, ते दिसतं. फंक्शनल एमआरआयमध्ये रुग्ण मशीनमध्ये पडल्या पडल्या मनातल्या मनात शब्द जुळवतो आणि भाषेची जागा सापडते. शिवाय साध्या टेबलावरची परीक्षा असते. पंधरा शब्द ऐकवायचे, अर्ध्या तासाने परत विचारायचे.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत 1995 पासून अशा शस्त्रक्रिया होतात, मुंबई-पुण्यातही होतात. औषधांनी फिट्स थांबत नाहीत असे रुग्ण साधारण तीनात एक, आणि त्यांतले फार थोडे ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचतात. बाकीच्यांना घरी ‘लक्ष नसतं तुझं’, ‘धांदरट आहेस’ हेच ऐकावं लागतं. विसरण्यामागे आजार असतो, औषध असतं, अपुरी झोप असते, मनाची उदासीही असते.

तुमच्या घरात असा रुग्ण असेल, तर एमआरआय अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने झालाय का, हे विचारा. आणि शब्दांची ती परीक्षा शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही, रुग्ण ज्या भाषेत घरी बोलतो त्याच भाषेत घ्यायला सांगा.